पालकातलं लोह आणि पेरूची फोड

बाजारातून आणलेली पालकाची जुडी आधी वजनकाट्यावर ठेवा. साधारण ३०० ग्रॅम भरेल. मुळं छाटा, चिखल लागलेले जाड देठ आणि पिवळी पानं काढा, की हाती १८० ते २०० ग्रॅम उरतं. कढईत टाकताना डोंगराएवढा दिसणारा हा पाला पाच मिनिटांत जेमतेम एका वाटीवर येतो. ती भाजी डाळ-दाण्यांनी वाढवून चौघांना वाढली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कच्च्या हिशेबाने ५० ग्रॅम पालक आला. आता काट्यावर मध्यम आकाराचा पेरू ठेवा. १५० ग्रॅम. देठ आणि शेंड्याचा वाळका भाग सोडला तर यात फेकण्यासारखं काही नाही, आणि तो एकटा माणूस उभ्या उभ्या खाऊन मोकळा होतो.

‘पेरूत पोषण जास्त की पालकात’ या प्रश्नाला जी उत्तरं फिरत असतात ती सगळी ‘दर १०० ग्रॅम’च्या तक्त्यावरून दिलेली असतात. तक्ता खोटा नसतो. पण ताटात १०० ग्रॅम पालक सहसा नसतो, आणि १०० ग्रॅमचा पेरू बाजारात शोधावा लागतो.

तरी सुरुवात तक्त्यापासूनच करू. आपल्याकडे यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते आहेत, आणि जोडीला अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे आहेत. दोन्हींत पेरूचं ‘क’ जीवनसत्त्व, म्हणजे व्हिटॅमिन सी, १०० ग्रॅममागे २१० ते २३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या पालकात ते २८ ते ३० मिलिग्रॅम. लोहाचं पारडं उलटं झुकतं. पालकात पावणेतीन ते तीन मिलिग्रॅम, पेरूत जेमतेम ०.३. फोलेट, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व, पालकात पेरूच्या तिप्पट-चौपट. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून शरीर तयार करतं ते बीटा-कॅरोटीन पालकात भरपूर, पेरूत नावापुरतं. ‘के’ जीवनसत्त्वाची तर तुलनाच नको, पालकात जवळजवळ ४८० मायक्रोग्रॅम आणि पेरूत तीनसुद्धा नाही. तंतुमय भागात मात्र पेरू पुढे आहे. अमेरिकन तक्ता ५.४ ग्रॅम सांगतो, भारतीय तक्ता त्याहून बराच जास्त. पालकात अडीच ग्रॅमच्या आत. पोटॅशियम दोघांतही चांगलं, पालकात थोडं अधिक.

कॅलरीच्या रकान्यात लोक हमखास गोंधळतात. पेरूला कुठे ५१ कॅलरी लिहिलेल्या दिसतात, कुठे ६८, आणि मग ‘इंटरनेटवर काहीही असतं’ असं म्हणून विषय संपतो. फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. एका रीतीत पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करून जे उरेल त्या सगळ्याला कर्बोदक धरतात, म्हणजे न पचणारे तंतूही त्यात जातात. दुसऱ्या रीतीत तंतू वेगळे काढतात. पेरूत तंतू इतके आहेत की रीत बदलली की आकडा उडी मारतो. पालकात मुळात ९१ टक्के पाणी, त्यामुळे तिथे २३ आणि २६ एवढाच फरक पडतो. तक्ते शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्यावेत. एवढं पाळलं तरी अर्धे वाद मिटतील.

आता पालकाच्या लोहाची कहाणी. पालक म्हणजे लोह हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे. ‘दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलं म्हणून पालकाचं लोह दसपट छापलं गेलं’ ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावर जगभर सांगितली जाते. त्या गोष्टीचा माग काढणाऱ्यांना तशा चुकीचा पुरावा सापडला नाही, तेव्हा ती सोडून द्या. आपल्या तक्त्यांचा इतिहास जास्त बोलका आहे. जुन्या भारतीय तक्त्यांत पालकाचं लोह १०.९ मिलिग्रॅम होतं. नंतरच्या आवृत्तीत ते १.१४ झालं. २०१७च्या तक्त्यात २.९५ आहे. शाळेच्या पुस्तकात एक, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावर दुसरा आणि मोबाईलवर तिसरा आकडा दिसतो तो यामुळे. पालेभाज्यांत लोहाचे आकडे असे हलण्याची कारणं असतात. जमीन बदलते, वाण बदलतो, मोजण्याची पद्धत सुधारते. शिवाय नमुना नीट धुतला नसेल तर पानाला चिकटलेल्या मातीतलं लोहही मोजलं जातं. मातीतलं लोह यंत्राला दिसतं, पण अंगी फारसं लागत नाही.

वाणावरून आणखी एक गोष्ट, जी पाककृतीच्या पानांवर कुणी सांगत नाही. आपल्या मंडईत मिळणारा गुळगुळीत, लांबट पानांचा, जाडसर देठाचा पालक हा बहुतेक वेळा बीटच्या कुळातला असतो. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत त्याची जात बीटरूटचीच. परदेशी तक्त्यातला ‘स्पिनॅच’ ही वेगळी वनस्पती. तिचं पान मऊ, कधी सुरकुतलेलं, आणि आपल्याकडे तिला विलायती पालक म्हणतात. दोघी एका मोठ्या कुटुंबातल्या असल्या तरी सख्ख्या बहिणी नाहीत. म्हणून अमेरिकन आकडे, विशेषतः फोलेटचे, मंडईतल्या जुडीला जसेच्या तसे चिकटवू नयेत. बीटच्या कुळातल्या पानांत फोलेट बरंच कमी असू शकतं. गरोदर बाईला ‘पालक खा, फोलेट मिळेल’ एवढ्यावर सोडून देणं म्हणूनच बरोबर नाही. तिला फॉलिक ॲसिडची गोळी लागतेच.

आता ताटाचा हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. बाईसाठीचा आकडा एवढा मोठा दिसतो, कारण आपल्या शाकाहारी-बहुल जेवणातलं लोह ८ टक्केच अंगी लागतं असं त्यात गृहीत धरलं आहे. म्हणजे प्रत्यक्ष रक्तापर्यंत पोचायला हवं ते सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास. पालकाच्या ५० ग्रॅममधून ताटात येतं दीड मिलिग्रॅम. त्यातलं ५ टक्के अंगी लागलं असं धरा, तर हाती आलं ०.०७५ मिलिग्रॅम. रोज सव्वादोन हवं असताना एवढं मिळतं.

आणि आता ताटातल्या बाकीच्या वस्तू बघा. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास, गव्हाच्या कणकेत तेवढंच. दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण १०० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे ज्या ताटात पालक ‘लोहासाठी’ वाढला, त्या ताटात लोहाचा खरा साठा बाजरीच्या भाकरीत पडून आहे, पालकाच्या चौपट. वाटीभर आमटीतून आणखी एखादा मिलिग्रॅम. सगळं मिळून नऊच्या घरात. अडचण एवढीच की भाकरी-डाळीतलं फायटेट नावाचं संयुग त्याला धरून ठेवतं, सुटू देत नाही. पालकातही लोहाच्या आड येणारी संयुगं आहेत.

पेरू कामाला येतो तो इथे. वनस्पतींमधलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्यात सहज विरघळत नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं, त्याला विरघळणाऱ्या अवस्थेत धरून ठेवतं आणि फायटेटच्या तावडीत जाऊ देत नाही. २०१३ साली राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींवर हे मोजलं. भाताच्या नेहमीच्या जेवणात १०० ग्रॅम पेरूची भर घातली, तेव्हा लोह अंगी लागण्याचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. वरच्या ताटाला तोच न्याय लावून पाहा. नऊ मिलिग्रॅमचे ५ टक्के म्हणजे ०.४५, ते दुप्पट झालं तर ०.९. पेरूने स्वतःचं लोह जवळजवळ काहीच दिलं नाही, तरी ताटातून अंगी लागणाऱ्या लोहात ०.४५ मिलिग्रॅमची भर पडली. तेवढी भर फक्त पालकाने घालायची तर आणखी सहा वाढप लागतील. हे गणित नेमकं नाही. ज्याच्या शरीरात लोह कमी असतं त्याचं शरीर जास्त ओढून घेतं, साठा भरलेला असेल तर कमी. पण दिशा कळायला पुरेसं आहे. लोहाच्या तक्त्यात शेवटून पहिला येणारा पेरू लोहाच्या बाबतीत पालकापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे तक्ता कधीच सांगणार नाही.

यात एक अट कडक आहे. ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह एकाच वेळी पोटात असायला हवेत. दुपारी एकला भाकरी-पालक आणि संध्याकाळी पाचला पेरू, यात पेरू उत्तम खाल्ला गेला, पण भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग नाही. फोडी ताटात डाव्या बाजूला हव्यात, मिठाशेजारी. आख्खा पेरू लागत नाही. २५ ते ३० ग्रॅमची एक मोठी फोड ५० ते ६० मिलिग्रॅम ‘क’ देते आणि तेवढ्यानेही फरक पडतो. उलट दोन पेरू एकदम खाल्ले म्हणून दुप्पट लाभ होत नाही. एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की शरीर शोषण कमी करतं आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. अर्धा दुपारी, अर्धा रात्री.

‘आम्ही लिंबू पिळतो की’ असं यावर कुणीतरी म्हणणारच. लिंबाच्या रसात १०० ग्रॅममागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असतं. अर्ध्या लिंबातून १२ ते १५ मिलिलीटर रस निघतो, म्हणजे पाच-सहा मिलिग्रॅम. आंबटपणाचा थोडा उपयोग होतो, चव तर येतेच, पण लिंबाच्या फोडीची आणि पेरूच्या फोडीची बरोबरी होत नाही. तेच लिंबू उकळत्या भाजीत पिळलं तर त्या पाच-सहामधूनही काही जातं. टोमॅटो शिजवून घातला तरी तीच गत.

चहाचा विषय कटू आहे, पण टाळता येत नाही. जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा वनस्पतींमधल्या लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त खाली आणू शकतो. चहातली टॅनिन आणि तत्सम द्रव्यं लोहाला बांधून टाकतात. एक तास थांबलात तरी बराच फरक पडतो. पोळी-भाजीचा डबा आणि लगेच कटिंग, ही ऑफिसातली सवय पालकाच्या कितीही वाट्यांनी भरून निघत नाही.

आता पालक शिजवण्याकडे. ‘शिजवलं की सत्त्व जातं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. सत्त्व दोन वाटांनी जातं, आचेने आणि पाण्याने, आणि प्रत्येक घटकाची वाट वेगळी. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही खनिजं. ती जळत नाहीत. कुकरच्या दहा शिट्ट्या केल्या तरी लोह तेवढंच राहतं. ‘क’ आचेनेही मरतं आणि पाण्यातही उतरतं. पालक उकडून पाणी ओतलं की १०० ग्रॅममागे दहा मिलिग्रॅमसुद्धा उरत नाही. फोलेट त्याच वाटेने जातं, पण जरा सावकाश. बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, साध्या शिजवण्याने फारसं नष्टही होत नाही. उलट पानांच्या पेशी मोडल्यामुळे ते सुटं होऊन जास्त अंगी लागतं, फक्त सोबत तेल-तूप हवं. चमचाभर तेलाची फोडणी त्याला पुरते. तेल न घालता केलेलं पालकाचं सूप ‘हलकं’ म्हणून पितात, त्यात बीटा-कॅरोटीन असतं पण बरंचसं तसंच बाहेर पडतं.

म्हणून सुकी भाजी कशी करावी ते सांगतो. २०० ग्रॅम निवडलेला पालक चिरण्याआधी धुवायचा, चिरल्यावर नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, मिनिटभर थांबा आणि पानं वर उचलून घ्या. पातेलं तिरपं करून चाळणीत ओतू नका, तळाला बसलेली माती परत पानांवर येते. असं तीन वेळा. दोन मोठे चमचे मूगडाळ अर्धा तास आधी भिजवलेली असू द्या. लोखंडी कढईत दीड चमचा तेल, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, एक-दोन मिरच्या, मग डाळ. डाळीवर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. मग चिरलेला पालक, वरून पाणी अजिबात नाही, त्याचं स्वतःचंच पुष्कळ सुटतं. पहिली दोन मिनिटं झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता. पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून गेली तर हिरवा रंग टिकतो. झाकण ठेवलं की ती थेंबांच्या रूपाने परत भाजीत पडतात आणि भाजी शेवाळी होते. रंग टिकवायला चिमूटभर सोडा घालणारे रंग टिकवतात खरे, पण ‘क’ आणि ‘ब१’ दोन्ही घालवतात. चार-पाच मिनिटांत भाजी झाली. मीठ अगदी शेवटी. आधी घातलं तर अंदाज डोंगराचा होतो आणि मीठ वाटीभर भाजीत उरतं. पालकात स्वतःचा खारेपणाही इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त असतो.

लोखंडी कढई हौसेखातर नाही. शिजताना तिच्यातलं थोडं लोह भाजीत उतरतं, आंबट पदार्थ असेल तर अधिक. मात्र भाजी झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. कढईत राहिली तर काळी पडते आणि चव लोखंडी होते.

आता ताकातली पातळ भाजी. तिच्यावर टीका होते की पालक कुकरला लावला, मग उरलं काय? बरंच उरतं. पाणी फेकलं जात नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेलं फोलेट आणि पोटॅशियम भाजीतच राहतं. ‘क’ गेलं हे मान्य, पण पालक आपण ‘क’साठी खातच नाही, त्याला पेरू आहे. ताकाचं काम त्याहून मोठं आहे. पालकात ऑक्झलेट, म्हणजे बऱ्याच मुतखड्यांत सापडणारं एक संयुग, भरपूर असतं. दातांना जो खडबडीत, कोरडा स्पर्श जाणवतो तो त्याचाच. ताकातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला भाजीत आणि पोटात बांधून टाकतं आणि ते रक्तात न शिरता शौचावाटे बाहेर पडतं. मुतखड्याच्या दृष्टीने ही फार शहाणी रचना आहे. दुसऱ्या बाजूने कॅल्शियम लोहाच्या शोषणातही थोडं आडवं येतं. एकाच वाटीत सगळं साधत नाही. पातळ भाजी असेल त्या जेवणात पेरूची फोड थोडी मोठी घ्यावी, इतकंच.

ऑक्झलेटमुळे पालकाचा आणखी एक लौकिक धुळीला मिळतो, तो कॅल्शियमचा. तक्त्यात पालकाला ८० ते १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पेरूला १० ते १८. पण पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला जखडलेलं असतं. १९८८ साली अमेरिकेत माणसांवर मोजलं तेव्हा पालकातलं कॅल्शियम ५ टक्केच शोषलं गेलं, दुधातलं २७-२८ टक्के. १०० ग्रॅम पालकातून पाच मिलिग्रॅम, कपभर दुधातून साठाच्या वर. हाडांसाठी पालक खाणाऱ्यांनी दूध, ताक, नाचणी किंवा मेथीकडे वळावं. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने अगदी थोडं.

ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला आहे त्यांच्यासाठी नियम उलटा. पालक खायचाच असेल तर भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं. विरघळणारं ऑक्झलेट ३० टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत असं निघून जातं. मग दह्या-ताकाबरोबर, आणि तेही क्वचित. अशांनी कच्च्या पालकाची हिरवी स्मूदी रोज सकाळी घेणं हा स्वतःवर केलेला वाईट प्रयोग आहे. एका ग्लासात दीडशे-दोनशे ग्रॅम कच्चा पालक सहज जातो, म्हणजे चौघांची भाजी एका घोटात, ऑक्झलेटसकट. ज्यांना असा त्रास नाही त्यांनी मात्र पाणी फेकू नये. पुरीसाठी पालक उकडला तर ते पाणी कणकेत वापरावं.

आता पेरू निवडणं. पेरूचं ‘क’ सालीत आणि सालीलगतच्या गरात सर्वांत जास्त, बियांकडे जाताना कमी होत जातं. साल सोलून, मधला मऊ भाग आवडीने खाणारे उलट काम करतात. ज्यांचे दात कमकुवत आहेत त्यांनी पेरू सालीसकट किसावा आणि बियांचा गाभा सोडून द्यावा; यात ‘क’चं नुकसान कमीत कमी होतं. तोंडात लागणारी रवाळ कचकच बियांची नसते, ती गरातल्या दगडपेशींची. बियांनी अपेंडिक्स होतं ही भीती सोडा, पण दिवसभरात दोन ग्लास पाणी पिणाऱ्याने चार पेरू खाल्ले तर पोट साफ होण्याऐवजी तटतं. तंतूंना पाणी लागतं.

कच्च्या, दगडासारख्या पेरूपेक्षा हिरव्याचा पोपटी-पिवळा होणारा, अंगठ्याने किंचित दबणारा पेरू घ्या. ‘क’ फळ पक्व होईपर्यंत वाढत जातं आणि अति पिकलं की उतरतं; जो पेरू सबंध घर वासाने भरून टाकतो तो चवीला उत्तम, पण ‘क’च्या शिखरावरून खाली आलेला. पावसाळ्यात येणाऱ्या बहाराची फळं पाणचट असतात आणि फळमाशीचा त्रास असतो. सालीवर सुईने टोचल्यासारखे ठिपके आणि आजूबाजूला मऊ डाग दिसला तर तो पेरू आधी मधोमध कापून बघा, चावा घेऊ नका. मृग बहाराचे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचे पेरू हिवाळ्यात येतात. गोडी, करकरीतपणा, टिकाऊपणा सगळ्यात ते सरस. ‘पेरूने सर्दी होते’ ही समजूत बहुधा या मोसमामुळेच चिकटली असावी. थंडीत सर्दीही असते आणि पेरूही असतो.

वाणांमध्ये आपल्या अभिमानाचा सरदार, म्हणजेच लखनौ-४९, हा नावाने उत्तरेचा वाटला तरी १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला. पांढऱ्या गराचा. गुलाबी गराच्या पेरूत लायकोपीन असतं, टोमॅटोला लाल करणारं तेच. गुलाबी पेरूत १०० ग्रॅममागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे कच्च्या टोमॅटोच्या जवळजवळ दुप्पट. पांढऱ्यात जवळजवळ नाही. ‘क’च्या बाबतीत गुलाबी-पांढऱ्यात फार फरक नाही, दोन्ही २०० च्या वर. हल्ली अर्धा-अर्धा किलोची भलीमोठी फळं मिळतात. ती कापून ठेवायची वेळ येते, तर उरलेला भाग घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, त्याच दिवसापुरता. फोडींना मीठ-तिखट लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि त्या पाण्याबरोबर ‘क’ही, ते खायच्या वेळी. पेरूचा रस गाळून पिणं म्हणजे तंतू फेकून साखर ठेवणं. मधुमेह असलेल्यांना मध्यम पेरू चालतो, गाळलेला रस नाही.

कोशिंबीर केली तर सगळं जमतं. दोन पेरू, साधारण २५० ग्रॅम, सालीसकट बारीक चिरून. एक हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धा चमचा साखर, चवीपुरतं मीठ. चमचाभर तुपात जिऱ्याची फोडणी करा आणि ती दोन मिनिटं बाजूला ठेवून मग ओता, कढत ओतली तर वरचा थर शिजतो. दही घालायचा मोह लोहाच्या जेवणात टाळा. जेवायला बसताना कालवा, तासभर आधी नाही.

काही जणांना ही दोन्ही पानं-फळं विचारून खावी लागतात. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालकातलं ‘के’ तिच्या कामात ढवळाढवळ करतं. पालक बंद करण्याची गरज नसते, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नये. प्रमाण सारखं ठेवावं आणि डॉक्टरांना सांगावं. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर पोटॅशियममुळे पेरू आणि पालक दोन्हींवर मर्यादा येते.

आणि रक्तक्षय निघाला असेल तर पालकावर विसंबू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेल्या बाईला भाजीने वर आणायला वर्षं लागतील, तीही सगळं सुरळीत गेलं तर. तिला लोहाच्या गोळ्या लागतात. ती गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. पाण्याबरोबर घ्यावी आणि वर पेरूच्या दोन फोडी खाव्यात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालते, चहा मात्र तासभर पुढे ढकलून.